दहा गुणांच्या वेण्या

जिजाऊ जयंती, दुपारी बारा. रक्कम तीनशे साठ रुपये. हजर: मुख्याध्यापक सर, पी.टी.च्या मॅडम, मी आणि माझी मुलगी श्रेया. खोलीत खुर्च्या तीन. श्रेया उभी.

मी पैसे भरायलाच गेलो होतो. सव्वीस जानेवारीला तालुक्यातल्या शाळांच्या संचलनाची स्पर्धा असते. पांढरे बूट, हातमोजे आणि टोपी मिळून प्रत्येक मुलीमागे तीनशे साठ. श्रेया तेव्हा नववीत होती आणि मुलींच्या तुकडीची कमांडर म्हणून मॅडमने तिला निवडलं होतं. मी नोटा टेबलावर ठेवल्या. सरांनी त्यांच्यावर पेपरवेट ठेवला आणि म्हणाले, "पैशाचं होईल भाऊ. आधी पोरीच्या केसाचं काय करता ते सांगा."

त्याला आता वर्ष झालं. जानेवारी पुन्हा आला आहे. आर्णीत आमचं घर शाळेच्या मैदानामागे आहे, मधे फक्त एक भिंत आणि एक रस्ता. सकाळी सातला ड्रम सुरू होतो. थंडीत चामडं ताठलेलं असतं, त्यामुळे पहिली दहा मिनिटं तो कोरडा, लाकडासारखा वाजतो. मग ऊन वर आलं की आवाज भरतो. "एक-दो-एक, एक-दो-एक." मैदानावर फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेघा, त्यावर शंभर पायांची धूळ. ती धूळ भिंतीवरून येते आणि अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. बायको दर वर्षी कुरकुर करते. या वर्षी ती काही न बोलता कपडे आत घेते.

हा आमच्याकडचा चांगला महिना आहे, म्हणजे असायचा. वेचणी संपत आलेली असते, कापसाच्या गाड्या भरभरून जिनिंगला येतात आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लटकतो. नवखा माणूस लांबून पाहील तर म्हणेल, झाडं फुलली. तुरी भरतात. दुपारी बायका ओट्यावर उन्हात पाय पसरून शेंगा सोलतात आणि संध्याकाळी घरोघर सोल्यांच्या भाजीचा वास सुटतो, हिरव्या मिरचीचा, लसणाचा. मी जिनिंगमध्ये काट्यावर असतो. गाडी येते, तिचं वजन करायचं, रिकामी झाली की पुन्हा वजन करायचं, फरक लिहायचा. डोळ्यांच्या पापण्यांवर सरकी-कापसाची बारीक लव बसते. घरी येऊन तोंड धुतलं की चूळ पांढरी येते. एवढं सोडलं तर जानेवारीबद्दल माझी तक्रार नव्हती.

*

केस श्रेयाने दिवाळीच्या सुट्टीत कापले होते. तिची मामी उमरखेडला पार्लर चालवते. आठ दिवस मामाकडे राहून पोरगी एस.टी.ने परत आली, मी स्टँडवर घ्यायला गेलो. गाडीतून सगळे उतरले, मी खिडक्यांकडे पाहतोय, माझी नजर कंबरेपर्यंतची एक वेणी शोधते आहे. शेजारी एक पोरगं येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "बाबा, चला ना, किती वेळचे इकडे तिकडे पाहून राह्यले." मी वळलो. मान उघडी, कान उघडे, कपाळावर एक बट, आणि त्या सगळ्यात तिचे डोळे एकदम मोठे झालेले.

"कसे दिसते?" तिने विचारलं.

"ओळखू नाही आलं मले," मी खरं ते सांगितलं.

"मले आली," ती म्हणाली. "आरशात पाह्यलं तं वाटलं, हे मीच हाव."

घरी सुनंदाने, म्हणजे तिच्या आईने, दारातच कपाळाला हात लावला. "कोणी मेलं का? असे केस काहून कापले?" मग मामीला फोन लावून तिचा उद्धार केला. मामी तिकडून म्हणाली, "ताई, पोरीनं तीन दिवस माह्या डोक्याशी कटकट केली. मी म्हणलं घरी विचार. तं म्हणते, केस माह्या डोक्यावर हायेत का घराच्या?" फोन स्पीकरवर होता. श्रेया स्वयंपाकघरात तोंडाला दुपट्टा लावून हसत होती. थोड्या वेळाने सुनंदाही हसली. वेणीत जाणारा तिचा रोज सकाळचा वेळ वाचला हे तिच्या लक्षात आलं असावं, पण तसं तिने कबूल केलं नाही.

शाळेत दोन महिने कोणी हटकलं नाही. व्हरांड्यात नियमांचा बोर्ड आहे. मुलींनी दोन वेण्या वर दुमडून लाल रिबीन बांधावी. दुपट्टा दोन्ही खांद्यांवर पिनने लावावा. नखांना रंग नको, हाताला मेंदी नको, काजळ नको. मुलांनी केस बारीक ठेवावे, त्यात रेघा कोरू नयेत. केस कापलेल्या मोठ्या मुलीबद्दल बोर्डावर काही नाही, कारण अशी मुलगी असेल हे बोर्ड रंगवणाऱ्याला सुचलं नसेल. वर्गशिक्षकांनी रिबिनीचा विषय काढला तेव्हा श्रेयाने विचारलं म्हणे, "सर, बांधू कायले?" वर्ग हसला, सरही हसले, आणि तिने काळा पट्टा लावून दिवस काढले.

डिसेंबरात मॅडमने कमांडरची निवड केली ती डोळे मिटून. हे मला श्रेयाने सांगितलं. पोरींना मैदानाच्या पार टोकाला उभं केलं आणि मॅडम इकडे पाठ करून उभ्या राहिल्या. एकेकीने कमांड द्यायची. कमांडचे दोन भाग असतात, मला हे तेव्हा कळलं. "दाहिने" हा पहिला. तो लांबवायचा. मग एक जागा सोडायची. मग "मुड", तोडल्यासारखं. सगळं त्या मधल्या जागेत असतं. ती कमी पडली तर पोरी गडबडतात, जास्त झाली तर ढिल्या पडतात. श्रेयाची जागा बरोबर पडायची. अंगणात ती सराव करायची तेव्हा शेजारच्या आजोबांचा हातातला चहाचा कप तिच्या "थम" बरोबर थांबायचा. "बाप्पा, तुह्या पोरीनं मले वळण लावलं," ते मला म्हणाले. "साठ वर्षात माह्या बायकोले नाही जमलं."

तो आवाज तिला कुठून आला कोण जाणे. आमच्या घरात सगळे हळू बोलणारे. मी तर मशीनच्या आवाजात काम करतो, माझं अर्धं बोलणं हाताने चालतं. ती डिसेंबरभर घरात ताठ चालत होती. ताट उचलून मोरीकडे जाताना सुद्धा वळणावर काटकोनात वळायची. "पोरगी हाय का घड्याळाचा काटा?" असं सुनंदा म्हणायची आणि वाटी जास्त वाढायची. एवढी ती मी आधी कधी पाहिली नव्हती. एवढी म्हणजे, पूर्ण.

*

तर ती जिजाऊ जयंती. सकाळी कार्यक्रम झाला होता. सरांनी मुलींना उद्देशून भाषण केलं होतं, ते माझ्या घरापर्यंत ऐकू आलं होतं. त्यानंतर तुकडीने स्टेजसमोर संचलन करून दाखवलं आणि सरांनी कमांडर पहिल्यांदा नीट पाहिली.

सर वाईट माणूस नाही, हे मी आजही म्हणतो. शाळेचं छप्पर गळत होतं तेव्हा त्यांनी स्वतः यवतमाळला खेटे घातले. त्यांची अडचण स्पर्धेची होती. त्यांनी मला परीक्षकांचा कागद दाखवला. पन्नास गुण. पावलांना पंधरा, कमांडरच्या आवाजाला पंधरा, सलामीला दहा, आणि एकसारखेपणाला दहा.

"हे दहा पाहा," सर म्हणाले. "पूर्ण तुकडी दोन वेण्या, लाल रिबीन. आणि सगळ्यात पुढे ही."

"सर, नियमात केस नीटनेटके पाहिजेत एवढंच ना? हिचे नीटनेटके नाहीत का?"

"नीटनेटके आहेत. पण मुलीचे नाहीत."

मॅडम खिडकीकडे पाहत होत्या. मी मला येतं ते केलं. म्हणालो, "सर, एका पोरीमुळे दहातले फार तर दोन जातील. आवाजाच्या पंधरात ही बाकीच्या पोरींपेक्षा पाच जास्त आणते. वजा जाता तीन गुणांचा फायदाच आहे." मला वाटलं होतं, आकड्यापुढे माणूस थांबतो. माझं आयुष्य त्यावर गेलं आहे. काट्यावर आकडा दिसला की शेतकरी थांबतो, व्यापारी थांबतो.

सर हसले. "हा हिशोब जिनिंगमध्ये ठीक आहे भाऊ. पाहुणे स्टेजवरून पाहतात. स्टेजवरून आवाज दिसत नाही."

"मग करायचं काय?"

"बाजारात गंगावन मिळते. दोन वेण्या लावा, रिबीन बांधा, टोपी घाला. पंधरा मिनिटांचं काम आहे. नाही तर दुसरी पोरगी पाहू. समूहगीतात मागच्या रांगेत हिला घेऊ ना. मागच्या रांगेत चालते."

श्रेया हात मागे बांधून विश्राममध्ये उभी होती. तिला बोल म्हटलं नव्हतं म्हणून ती बोलली नाही, शिस्त ती एवढी शिकली होती. मी हात जोडले. म्हणालो, "सर, एवढ्या वेळेस. पुढच्या वर्षीपर्यंत वाढतील केस."

सरांनी पेपरवेट उचलला, पैसे ड्रॉवरमध्ये टाकले आणि म्हणाले, "बुटाचा नंबर तेवढा मॅडमजवळ लिहून द्या. कोणी का घालेना, बूट तर लागतीलच."

*

गणवेशाच्या मी विरोधात नाही. माझ्या वेळी खाकी चड्डी आणि पांढरा शर्ट होता. म्हणायचे, यात गरीब-श्रीमंत कळत नाही. कळायचं. पांढरा पांढऱ्यासारखा नसतो, हे मला तेव्हाही दिसायचं आणि आता तर मी त्याचीच भाकर खातो. कापसात पांढऱ्याच्या किती तरी जाती आहेत. पावसात भिजलेला, दव खाल्लेला, कवडी लागून डागाळलेला, पहिल्या वेचणीचा. शर्टातही तसंच होतं. कोणाचा निळीचा पांढरा, कोणाचा नदीच्या पाण्याचा पिवळट पांढरा, कोणाचा मोठ्या भावाच्या घामाचा. गुरुजी शनिवारी रांगेतून फिरायचे आणि डोक्यावरचे केस मुठीत धरायचे. मुठीत आले तर न्हाव्याकडे पाठवायचे. मुठीत येणाऱ्या केसांची मला भीती वाटायची, पण गुरुजींची मूठ मोठी होती, त्यामुळे बहुतेकांचे निसटायचे. त्या मुठीत थोडी दया होती असं आता वाटतं.

जिनिंगमध्ये प्रेसजवळ उभं राहिलं की दिसतं, आत जाताना कापूस शंभर गावांचा असतो. मशीन दाबते, पट्ट्या बांधते, गाठ बाहेर येते. बाहेरून सगळ्या गाठी सारख्या. त्या सारख्या असतात असं नाही. त्या दाबलेल्या असतात.

हे सरांना सांगण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी सुचलंही नव्हतं. रात्रपाळीत प्रेसजवळ थांबलो तेव्हा सुचलं, आणि अशा वेळी सुचलेल्याचा काही उपयोग नसतो.

*

आठवडी बाजारातून सुनंदाने गंगावन आणलं. तिचा हेतू सरळ होता. पोरीचा जीव त्या परेडमध्ये अडकला आहे, तर पंधरा मिनिटं खोटे केस लावल्याने काय बिघडतं. मलाही ते पटत होतं. अंगणात खाट टाकली, श्रेयाला पुढ्यात बसवलं. पण गंगावन लावायला मुळात थोडी तरी वेणी लागते. इथे धरायलाच काही नव्हतं. पिना लावल्या. पिना निसटल्या. रबर लावलं. मागच्या तोकड्या केसांना ओढून दोन शेंड्या बांधल्या आणि त्यांना त्या दोन वेण्या लटकवल्या. पोरीच्या डोळ्यांचे कोपरे वर ओढले गेले. ती आईला मदत व्हावी म्हणून पिना दातांत धरून एकेक पुरवत होती.

"हो आता पाह्य," सुनंदा म्हणाली.

श्रेयाने हाताने एक वेणी पुढे घेतली. केस तपकिरी होते, तिच्यापेक्षा बारीक.

"आई, हे कोणाचे केस आहे?"

"कोणाचे असतीन ते असतीन. बाजारातले हाय."

"कोणीतरी कापलेच असतीन ना?"

सुनंदाने रिबीन हातात घेतली.

"म्हणजे तिचे कापलेले चालते," श्रेया म्हणाली, "फक्त माह्या डोक्यावर पाहिजे."

तिने रागावून काही ओढलं नाही, फेकलं नाही. पिना एकेक काढून आईच्या हातात दिल्या. वेण्या गुंडाळून कागदात ठेवल्या. म्हणाली, "मी उद्या मॅडमले सांगतो. निकिताले घ्या म्हणतो." घरात ती अशीच, पोरासारखं "सांगतो" म्हणते, लहानपणापासून. त्यावरूनही तिला कोणी कधी टोकलं नव्हतं.

निकिता म्हणजे तिच्या बाकावरची मैत्रीण. बाप ऑटो चालवतो. पोरगी उंच, सरळ, वेण्या कंबरेपर्यंत, आणि आवाज असा की वर्गात हजेरी देताना सर दोनदा विचारतात. दुसऱ्या दिवशी तिलाच कमांडर केलं. संध्याकाळी ती आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली, आत येईना.

"ये ना," श्रेया म्हणाली. "का सलामी देऊ तुले?"

"माह्यावर चिडली का?"

"तुह्यावर कायले चिडू? तुह्या केसावर चिडली मी." मग दोघी हसल्या. निकिता हसता हसता रडली. श्रेया नाही रडली.

त्यानंतर रोज संध्याकाळी आमच्या अंगणात शिकवणी चालली. मी कामावरून येऊन ओट्यावर बसायचो, सुनंदा शेंगा सोलत बसायची.

"दाहिने मुड."

"अवं, मांजर कुठची. दूध मागून राह्यली का? पोटातून काढ."

"दाहिने... मुड."

"थांब. मधात थांब. पोरीईले श्वास घेऊ दे, मंग मुड म्हण. त्याईले वाटलं पाहिजे का आता काही होणार हाय."

"किती थांबू?"

"मोजायचं नाही. त्याईच्या खांद्याकडे पाह्य. खांदे वर झाले का म्हण."

हे मॅडमने शिकवलं नव्हतं. हे तिचं होतं. आणि ती ते रोज थोडं थोडं काढून दुसरीच्या घशात ठेवत होती, चिमणी घास ठेवते तसं. दहाव्या दिवशी शेजारच्या आजोबांचा कप निकिताच्या "थम" ला थांबला. आजोबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "आली पोरगी हातात," आणि मग कोणाची पोरगी ते लक्षात आल्यावर कपात पाहू लागले.

बूट श्रेयाच्या मापाने आले होते. निकिताचा पाय एक नंबर लहान. श्रेयाने माझ्या सदऱ्याच्या खिशातून, बाहीच्या घडीतून दिवसभराचा चिकटलेला कापूस गोळा केला, त्याचे दोन बोळे केले आणि बुटांच्या टोकात घातले. निकिताला चालवून पाहिलं. "वाजते का?" "नाही वाजत." "मंग झालं."

*

सव्वीस जानेवारीला मी सुट्टी घेतली होती, ती रद्द केली नाही. श्रेया येणार नाही असं मला वाटलं होतं. ती गणवेश घालून तयार झाली. समूहगीतात नाव दिलं नव्हतं, त्यामुळे तिला कुठेच उभं राहायचं नव्हतं. आम्ही दोघं मैदानाच्या कडेला, जिलबीच्या गाडीजवळ उभे राहिलो. धुकं नव्हतं, ऊन स्वच्छ होतं. पाहुणे मंडपात. तुकड्या उन्हात, तासभर.

आमच्या शाळेची तुकडी आली. पांढरे बूट, पांढरे हातमोजे, लाल रिबिनींच्या रांगा. सगळ्यात पुढे निकिता. मला भीती होती, हिचा आवाज फुटणार नाही. आणि, खोटं कशाला बोलू, मला तसं झालेलं हवंही होतं. स्टेजसमोर आल्यावर तिने मान ताठ केली. "दाहिने," आणि जागा सोडली. सगळं मैदान थांबलं. "देख." पन्नास माना एका झटक्यात वळल्या.

मी श्रेयाकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, फक्त ओठ, निकिताच्या एक क्षण आधी. खांदे वर गेले की.

पहिला नंबर आला. एकसारखेपणाला दहापैकी दहा, आवाजाला पंधरापैकी चौदा. म्हणजे सरांचा हिशोब बरोबर निघाला आणि माझा चुकला. पाहुण्यांनी भाषणात कमांडरच्या आवाजाचं कौतुक केलं आणि असं म्हणाले की वेण्या घातलेल्या मुली पाहून आपले जुने दिवस आठवले. निकिता बक्षीस घेऊन धावत आली ती सरळ आमच्याकडे, भर मैदानातून, टोपी हातात. श्रेयाने तिची पाठ थोपटली. "मधात थांबली ना? म्हणलं होतं ना तुले." मग आम्ही जिलबी घेतली आणि घरी आलो. घरी येताना ती साधी चालली, वळणावर काटकोन न करता.

मला त्या दिवशी कळलं नाही. मला वाटलं, निभावलं पोरीने. समजूतदार आहे. आपल्याकडे पोर हरलं आणि गप्प राहिलं की त्याला समजूतदार म्हणतात.

*

नंतर तिने केस वाढवले. कोणी सांगितलं नाही. उन्हाळ्यात उमरखेडला गेली, मामीने कात्री हातात घेऊन विचारलं, तर नको म्हणाली. पावसाळ्यात मानेवर आले, दिवाळीत खांद्याखाली. सुनंदाला आनंद झाला, ती पुन्हा सकाळी तेल घेऊन बसू लागली. दसऱ्याच्या सुमारास एकदा तूर पाहायला आम्ही दोघं शेतात गेलो होतो. धुऱ्याच्या बांधावरून ती पुढे चालली होती. मी मागून म्हणालो, "आता नाही कापावं वाटत का?"

"वाटते ना."

"मंग?"

ती थांबली नाही. "तुम्ही हात जोडले होते ना बाबा त्या दिवशी सरापुढे."

"त्याचं काय?"

"काही नाही. पुन्हा नाही जोडा लागले पाहिजे."

तूर हिरवी होती, तिला फुलं यायची होती. मी तिच्या पाठीवरच्या दोन लहान वेण्या पाहत चालत राहिलो. मी तिच्या बाजूने बोललो होतो, गुणांचा हिशोब मांडला होता, बापाने जे करायचं ते सगळं केलं होतं. तिच्या लक्षात त्यातलं एकच राहिलं होतं, आणि केसांचा निकाल त्यावर लागला होता. सरांना एवढं जमलं नसतं.

घरात आता पुन्हा सगळे हळू बोलतात.

*

परवा संध्याकाळी पी.टी.च्या मॅडम घरी आल्या. श्रेया दहावीत आहे, पण परेडला दहावीच्या मुली चालतात. निकिताचं बापाने नाव काढून तिला यवतमाळला आत्याकडे शिकायला ठेवलं आहे. मॅडमने चहा घेतला, सुनंदाने सोल्यांची कचोरी दिली. श्रेया दोन वेण्या घालून समोर बसली होती. या वेळी बसली होती, एवढं मी पाहिलं.

"सरच म्हणाले, श्रेयाला विचारा," मॅडम म्हणाल्या. "आता तर केसाचाही प्रश्न नाही."

"नको मॅडम."

"काहून? अभ्यास?"

"आवाज नाही निघत आता."

"म्हणून पाह्य तर एकदा. अंगणातच म्हण. मी डोळे मिटतो." त्याही श्रेयासारखंच "मिटतो" म्हणाल्या.

श्रेया उठली, अंगणात गेली. उभी राहिली. "दाहिने" म्हणाली आणि थांबली. खूप वेळ थांबली. भिंतीपलीकडे मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. मग ती आत आली आणि चहाचे कप उचलू लागली.

मॅडमने डोळे उघडले. आमच्यापैकी कोणाकडेही न पाहता म्हणाल्या, "बी.पी.एड.ला होतो तेव्हा माझेही केस हिचे होते तसेच बारीक होते. कबड्डीत कोणाच्या हातात येऊ नये म्हणून."

"मग वाढवले काहून?" सुनंदाने विचारलं.

"नोकरी लागली."

जाताना त्यांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. त्यांना ते मागणं बरं वाटत नव्हतं, पण वर्गणीची घरं शिक्षकांना वाटून दिलेली असतात. सव्वीस जानेवारीचा मंडप. कोणाच्या नावाने फाडू, विचारलं. मी श्रेयाचं नाव सांगणार होतो. ती आतून म्हणाली, "बाबाच्या नावानं फाडा."

दोनशे एक्कावन्न रुपये. मॅडमच्या हातात दिले, रोख. पाहुण्यांच्या सावलीसाठी.